गोदामं ठासून भरलेली, तरी ॲल्युमिनियम महाग कसं?

रातराणी:

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढलाच. मी कॉस्टिंगमध्ये काम करते, धातूंचे भाव रोज बघावे लागतात, पण २०१० ते २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटला जे झालं ते वाचताना माझं गणित जुळतच नाहीये. माल कमी की भाव चढा, माल उदंड की भाव उतरा, हे आपण सगळेच शिकलो. इथे उलटंच दिसतंय. २००८ च्या मंदीनंतर गाड्या विकल्या जाईनात, बांधकामं थांबली, ॲल्युमिनियमला गिऱ्हाईक राहिलं नाही आणि ते सगळं लंडन मेटल एक्सचेंजने म्हणजे एलएमईने मान्यता दिलेल्या गोदामांत येऊन पडलं. नंतर एकट्या डेट्रॉइटच्या आसपास १५ लाख टनांच्या घरात माल होता. म्हणजे तुटवडा नव्हताच. आणि तरी कॅन बनवणारे, गाड्यांचे पार्ट बनवणारे ओरडतायत की माल हातात पडायला वर्ष वर्ष लागतंय आणि वर जास्तीचे पैसे मोजावे लागतायत. कोका-कोलाने तर २०११ मध्ये एलएमईकडे रीतसर तक्रार केली होती.

आता ही डेट्रॉइटची गोदामं होती मेट्रो इंटरनॅशनल नावाच्या कंपनीची, आणि ती कंपनी गोल्डमन सॅक्स या अमेरिकन बँकेने फेब्रुवारी २०१० मध्ये विकत घेतलेली. त्याच वर्षी जेपी मॉर्गन या दुसऱ्या बँकेच्या हातात हेन्री बाथ ही गोदाम कंपनी आली, कच्च्या मालाचा व्यापार करणाऱ्या ग्लेनकोरने पॅकोरिनीची गोदामं घेतली, तसाच व्यापार करणाऱ्या ट्रॅफिग्युरानेही एक गोदाम कंपनी घेतली. एका वर्षात एवढ्या सगळ्यांनी गोदामांकडे मोर्चा वळवला म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय एवढं मलाही कळतं, पण नेमकं कुठे?

बँकेने साठेबाजी केली म्हणतात म्हणजे केलं काय? माल तर बराचसा दुसऱ्यांच्या मालकीचा होता ना? मालक आपला माल मागायला आला तर गोदामवाला नाही कसं म्हणणार? आणि एलएमईचा भाव तर त्या काळात पडलेलाच होता, मग महाग झालं ते काय? ज्यांना माहितीये त्यांनी प्लीज नीट समजावून सांगा, "बँका चोर आहेत" एवढं एका ओळीत नको.

जुना_खरेदीदार:

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण ते मी स्वतः भोगलंय. तेव्हा मी अमेरिकेत एका एक्स्ट्रूजन कंपनीच्या परचेसमध्ये होतो, तापवलेलं ॲल्युमिनियम प्रेसने साच्यातून दाबून खिडक्यांच्या चौकटी वगैरे बनवायचो. बिलेट (ॲल्युमिनियमचा ओतीव ओंडका) घेतलं की बिलावर धातूच्या भावाच्या दोन ओळी असतात. पहिली एलएमईचा भाव, तो सगळ्या जगाला दिसतो, पेपरात येतो. दुसरी ओळ मिडवेस्ट प्रीमियम, म्हणजे तोच धातू प्रत्यक्ष तुमच्या दारात येण्याचे वरचे पैसे. (बिलेट ओतण्याचा चार्ज वेगळा, तो सोडून द्या.) २०१० च्या सुमाराला ही दुसरी ओळ वजनी पाउंडाला ६-७ सेंटची असायची, तिच्याकडे कोणी ढुंकून बघायचं नाही. २०१४ मध्ये ती २० सेंटच्या वर गेली. टनाच्या हिशोबात ४४० डॉलर. आणि एलएमईचा भाव त्या वर्षी बराच काळ १८०० ते २००० च्या मध्ये. म्हणजे मूळ धातूच्या भावाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त रक्कम नुसती "माल दारात येण्याची". त्या चार वर्षांत ट्रकचं भाडं काही तिप्पट झालं नव्हतं.

महाग झालं ते हे. पेपरात भाव पडलेला दिसायचा, आमचे ग्राहक फोन करून म्हणायचे ॲल्युमिनियम उतरलंय, रेट कमी करा. आणि माझ्या टेबलावरच्या बिलात ते उतरलेलंच नसायचं.

रातराणी:

हे दोन ओळींचं फारच उपयोगी आहे, आमच्या शीटमध्ये दोन्ही एकत्रच धरतात. पण मग एक सांगा, गोदामात एवढा माल पडून होता तर तुम्ही तिथूनच का नाही उचलला? प्रीमियम द्यायचाच कशाला?

जुना_खरेदीदार:

प्रयत्न केला होता की. ब्रोकरला विचारलं तर म्हणाला आज रांगेत उभे राहिलात तर पुढच्या वर्षी माल मिळेल. पुढच्या वर्षीच्या मालावर आजची प्रेस कशी चालवू सांगा. रांगेची भानगड कुलूपकिल्ली जास्त चांगली सांगतील, त्यांनी या क्षेत्रात काम केलंय.

कुलूपकिल्ली:

बोलावलंत म्हणून लिहितो, थोडं लांबेल. सगळी गोम त्या रांगेतच आहे.

एलएमईची स्वतःची गोदामं नसतात, ती दुसऱ्यांच्या गोदामांना परवाना देते. तुम्ही माल आत टाकला की वॉरंट मिळतं, एक वॉरंट म्हणजे २५ टन. ते वॉरंट हातोहात विकलं जातं, माल जागचा हलत नाही. ज्याला खरोखर माल हवाय तो वॉरंट कॅन्सल करतो, म्हणजे "हा माझा माल आता बाहेर काढा" असं सांगतो, आणि रांगेत लागतो. आता एलएमईचा नियम असा होता की गोदाम कंपनीने दिवसाला किमान १५०० टन माल बाहेर काढलाच पाहिजे. किमान! हेतू चांगलाच होता, गोदामवाल्याने चालढकल करू नये. पण हा आकडा एका गोदामाला नव्हता, एका शहरातल्या अख्ख्या कंपनीला मिळून होता. मेट्रोची डेट्रॉइट भागात २७ गोदामं होती, तरी सगळ्यांची मिळून जबाबदारी दिवसाला १५०० टनांची. आणि जास्त काढायची सक्ती नसल्यामुळे जो किमान आकडा होता तोच कमाल होऊन बसला. ओरड झाल्यावर एप्रिल २०१२ मध्ये मोठ्या गोदामवाल्यांसाठी तो ३००० केला, पण १५ लाख टनांना ३००० ने भागून बघा, ५०० दिवस.

आणि रांगेत उभा असताना भाडं कोण भरतं? ज्याचा माल अडकलाय तोच. छापील दर दिवसाला टनामागे जवळपास अर्धा डॉलर. म्हणजे ६०० दिवस थांबलात तर टनाला ३०० डॉलर नुसतं भाडं, आणि तेही तुम्ही "माझा माल द्या" म्हटल्यानंतरचं! जगात दुसरा कुठला धंदा असेल जिथे सेवा जितकी संथ तितकी कमाई जास्त. म्हणून बँकेला धातूवर मक्ता मिळवायची गरजच नव्हती हो, तिच्या हातात दरवाजा होता. रांग हाच त्यांचा माल होता आणि तो ते विकत होते.

आता पुढचं जास्त चीड आणणारं आहे. रांग टिकवायची तर आत नवीन माल यायला हवा. त्यासाठी मेट्रो उत्पादकांना आणि व्यापाऱ्यांना रोख इन्सेंटिव्ह द्यायची, माल आमच्याकडे टाका म्हणून. हा पैसा कुठून, तर भाड्यातून. मग स्मेल्टरवाला, म्हणजे मूळ धातू बनवणारा, विचार करणार ना, गोदामवाला मला टनाला इतके वरचे डॉलर देतोय तर मी कारखानदाराला त्याहून कमीत का विकू? म्हणजे जुना_खरेदीदार यांची स्पर्धा दुसऱ्या कारखान्याशी नव्हती, एका गोदामाशी होती ज्याला ॲल्युमिनियमचं काहीच बनवायचं नव्हतं. प्रीमियमची ती दुसरी ओळ अशी फुगली.

आणि हे ऐका. जुलै २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी फोडली त्यात ट्रकवाल्यांचं वर्णन होतं. एका गोदामातून लाद्या उचलायच्या (एकेक लादी १५०० पाउंडांची, म्हणजे ६८० किलो), फोर्कलिफ्टने ट्रकवर चढवायच्या, त्याच कंपनीच्या दुसऱ्या गोदामात नेऊन उतरवायच्या. दिवसातून दोन-तीन फेऱ्या. कागदावर ३००० टन "बाहेर" गेले, नियम पाळला, आणि माल त्याच शहरात त्याच मालकाच्या दुसऱ्या छपराखाली. पुढे सिनेटच्या चौकशीत अशा व्यवहारांना मेरी-गो-राउंड म्हटलंय, जत्रेतल्या पाळण्यासारखं गोल गोल. मोठे मालधारक रांगेत शिरायचे, बाहेर पडायचे, इन्सेंटिव्ह घेऊन पुन्हा आत यायचे. त्यांच्यामागे जो खरा गरजू उभा होता त्याचा नंबर आणखी मागे. गोल्डमनने मेट्रो विकत घेतली तेव्हा रांग सुमारे ४० दिवसांची होती, २०१४ मध्ये ती ६०० च्या पुढे गेली.

एलएमईने का चालवून घेतलं विचाराल तर गोदामभाड्यातला सुमारे १ टक्का एलएमईलाच मिळायचा. शिवाय २०१२ मध्ये हाँगकाँग एक्सचेंजने विकत घेईपर्यंत एलएमईची मालकी तिच्या सदस्यांकडेच होती आणि त्यात याच बँका. कुंपणच शेत खात होतं.

वजनकाटा:

सगळं वाचलं, माहिती बरोबर आहे पण चित्र एकतर्फी होतंय असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

एक तर माल गोदामात का आला ते बघा. २००९ नंतर व्याजदर जवळपास शून्य, आणि पुढच्या महिन्यांचे भाव आजच्या भावापेक्षा चढे, ज्याला कॉन्टँगो म्हणतात. आज घ्या, वर्षाने विकायचा सौदा आजच करा, मधलं व्याज आणि भाडं वजा जाता फायदा निश्चित. हे बँकांनी, हेज फंडांनी, ट्रेडिंग कंपन्यांनी सगळ्यांनी केलं आणि यात बेकायदा काहीच नाही. तेलातही हेच झालं, जुलै २००८ मध्ये १४७ डॉलरला असलेलं बॅरल डिसेंबरमध्ये ४० च्या खाली आलं तेव्हा लोकांनी टँकर भाड्याने घेऊन समुद्रात उभे केले होते तेल साठवायला. त्या साठवणुकीमुळे पडत्या बाजारात उत्पादकांना गिऱ्हाईक मिळालं, नाहीतर आणखी स्मेल्टर बंद पडले असते, ते कोणी लिहीत नाही.

दुसरं, रांग लांबली की एलएमईचा भाव खाली येतो. साहजिक आहे, कारण एलएमईवर वॉरंट घेणाऱ्याला रांगेच्या शेपटाचा माल मिळणार, तो कमीच पैसे देणार. तेवढा प्रीमियम वर जातो. म्हणजे दोन ओळींची बेरीज केली तर कारखानदाराचं तितकं नुकसान नाही जितकं सांगितलं जातं. एका खिशातून काढून दुसऱ्यात.

आणि कोर्टातही २०१४ मध्ये खरेदीदारांचा दावा फेटाळला गेला होता, हेही सांगायला हवं. शिवाय बातमी आल्यावर गोल्डमनने स्वतःहून जाहीर केलं होतं की ज्या कारखान्यांचा माल रांगेत अडकलाय त्यांना आम्ही लगेच मिळणारा माल बदलून देऊ.

जुना_खरेदीदार:

वजनकाटा, कॉन्टँगोचं मान्य. पण बेरजेचा मुद्दा कागदावर बरोबर आणि कारखान्यात चूक आहे, कसं ते सांगतो.

आमचे काही ग्राहक वर्षभराच्या फिक्स रेटवाले. त्यांची ऑर्डर घेतली की आम्ही त्याच दिवशी एलएमईवर फ्युचर्स (पुढच्या तारखेच्या मालाचे आजच्या ठरलेल्या भावाचे सौदे) विकत घेऊन ठेवायचो, भाव चढला तर बिलात जास्त जातील ते फ्युचर्समध्ये परत मिळतील म्हणून. हेच हेजिंग, सगळे करतात. प्रीमियमसाठी तशी सोय तेव्हा नसल्यातच जमा होती, तो आम्ही अंदाजाने ८ सेंट धरला. आता तुम्हीच म्हणता की रांगेमुळे एलएमई खाली आणि प्रीमियम वर. म्हणजे फ्युचर्समध्ये तोटा झाला, पुढच्या मालाला एलएमई स्वस्त मिळाल्याने तो कसाबसा भरून निघाला, आणि प्रीमियम १२ सेंटांनी जास्त गेला तो आमच्या खिशातून. ज्याने जोखीम टाळायला शिस्तीत हेज केलं त्यालाच ती बेरीज कधी मिळाली नाही. उलट हेज न करता बसलेला वाचला! त्या वर्षी आमच्याकडे ओव्हरटाइम बंद झाला, तिसरी शिफ्ट गेली. शिफ्ट सुपरवायझरला मी काय समजावणार होतो, की डेट्रॉइटला रांग आहे म्हणून? त्याच्यासाठी ॲल्युमिनियम स्वस्त झालं होतं, पेपरात तसंच होतं.

एक्सचेंजचा भाव आणि प्रत्यक्ष मालाचा भाव यांची फारकत झाली, माझ्या मते खरं नुकसान ते आहे. भाव म्हणून जो आकडा सगळे वापरतात त्याचा अर्थच गेला.

काचेचीभिंत:

कोर्टाचं पूर्ण सांगते. २०१४ चा निकाल होता, २०१६ मध्ये अपिलातही टिकला, पण तो मुख्यतः या मुद्द्यावर की दावा करणारे त्या बाजारातले थेट ग्राहक नाहीत. २०१९ मध्ये अपील कोर्टाने काही थेट खरेदीदारांचा दावा पुन्हा उभा केला. त्यामुळे "कोर्टाने निर्दोष ठरवलं" असं कोणी समजू नये.

आणि मूळ प्रश्न मला वाटतं गोदामाच्याही आधीचा आहे, बँक गोदामात शिरलीच कशी? अमेरिकेत १९५६ च्या कायद्याने बँकिंग आणि व्यापार वेगळे ठेवले होते. जो कर्ज देतो, ठेवी घेतो, त्याने माल विकू-घेऊ नये, कारण मग तो आपल्याच ग्राहकाचा स्पर्धक होतो. १९९९ च्या कायद्याने ती भिंत बरीच पाडली आणि त्यात एक बारीकसं कलम होतं, की जी कंपनी सप्टेंबर १९९७ च्या आधीपासून मालाच्या व्यापारात आहे ती पुढे बँक झाली तरी तो व्यापार चालू ठेवू शकते. तेव्हा ते कोणाच्या खिजगणतीतही नव्हतं. मग सप्टेंबर २००८ आला, गोल्डमन आणि मॉर्गन स्टॅनली फेडरल रिझर्व्हच्या (अमेरिकेची मध्यवर्ती बँक, फेड) आधारासाठी एका रात्रीत बँक होल्डिंग कंपन्या झाल्या आणि त्या कलमाचा दरवाजा त्यांना उघडा मिळाला. म्हणजे आधार बँकेचा आणि धंदा व्यापाऱ्याचा, दोन्ही एकाच घरात.

वजनकाटा म्हणतात तसं कॉन्टँगोवर साठा करणं सगळ्यांनी केलं, पण सगळ्यांकडे किल्ली नव्हती ना. नोव्हेंबर २०१४ चा सिनेटचा अहवाल आला, कार्ल लेव्हिन आणि जॉन मॅकेन, म्हणजे दोन्ही पक्षांचा. जवळपास ४०० पानं. त्यात आहे की गोल्डमनचा स्वतःचा ॲल्युमिनियमचा साठा एका टप्प्यावर ३ अब्ज डॉलरच्या पुढे गेला होता, आणि मेट्रोची बाहेर कोणाला न दिसणारी माहिती बँकेच्या कमॉडिटीवाल्या लोकांपर्यंत पोचत होती. आता विचार करा, रांग उद्या लांबणार की आखडणार हे ज्याला आधी कळतं त्याला प्रीमियम कुठे जाणार हेही कळतं. एवढं माहीत असलेला माणूस समोर बसून सौदा करत असेल तर तो बाजार उरतो का? माझा सगळा राग या एका गोष्टीवर आहे. भाडं कमावणं वगैरे दुय्यम.

आणि हे फक्त धातूतच नाही. जेपी मॉर्गनने २०१३ मध्ये कॅलिफोर्निया आणि मिडवेस्टच्या वीजबाजारातल्या बोलींच्या प्रकरणात ४१ कोटी डॉलर भरून तडजोड केली. वीज तर साठवतासुद्धा येत नव्हती! तिथे गोदामाच्या जागी बोली लावायचे नियम होते, पद्धत तीच, नियमाच्या अक्षरात राहायचं आणि नियम ज्यासाठी केला त्याच्या बरोब्बर उलट करायचं.

वजनकाटा:

माहितीचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता, तो गंभीर आहे, तिथे बचाव नाही. हेजवाल्याचं उदाहरणही पटलं, मी फक्त बेरीज बघत होतो. बाकी उत्पादकांनाही यात हात धुवायला मिळाले हे मात्र विसरू नका. एलएमईने रांगा कमी करायचा नवा नियम आणला तर रशियाची रुसाल कंपनी त्याविरुद्ध लंडनच्या कोर्टात गेली. मार्च २०१४ मध्ये जिंकली, ऑक्टोबरमध्ये अपिलात हरली. प्रीमियम फुगलेला राहण्यात त्यांचा फायदा उघड होता.

रातराणी:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. शेवटचं एकच, मग ते सुटलं कसं? प्रीमियम खाली आला का?

कुलूपकिल्ली:

वर वजनकाटा म्हणाले तोच नियम, फेब्रुवारी २०१५ पासून लागू झाला. सोप्या भाषेत, ज्या गोदाम कंपनीची रांग ५० दिवसांहून लांब आहे तिने जेवढा माल आत घेतला त्याहून जास्त बाहेर काढायचा. म्हणजे पाळणा फिरवून उपयोग नाही, रांग आटलीच पाहिजे. त्याच्या आधीच डिसेंबर २०१४ मध्ये गोल्डमनने मेट्रो विकून टाकली, रूबेन बंधूंना. जेपी मॉर्गनने प्रत्यक्ष मालाचा बराचसा धंदा मर्क्युरिया या व्यापारी कंपनीला दिला. फेडने २०१६ मध्ये बँकांच्या या धंद्यावर जास्त भांडवल ठेवायचा प्रस्तावही मांडला होता.

जुना_खरेदीदार:

प्रीमियमचं मी सांगतो. २०१५ च्या सुरुवातीला तो २४ सेंटच्या आसपास होता. उन्हाळ्यात १० च्या खाली. स्मेल्टर तेच, रस्ते तेच, आमच्या दारात यायचे ते ट्रकही तेच. चार-पाच महिन्यांत पाउंडामागे १४ सेंट उतरले. वाहतुकीचा खर्च वाढला म्हणून प्रीमियम वाढलाय असं आम्हाला सप्लायर वर्षानुवर्षं सांगत होता, तेव्हा फोन लावून विचारलं त्याला, वाहतूक स्वस्त झाली का. उत्तर काही आलं नाही.

रातराणी, तुमच्या शीटमध्ये ती दुसरी ओळ आजच वेगळी काढा.

रातराणी:

काढली. मागच्या तीन वर्षांची बिलंही मागवलीयेत, दोन्ही ओळी वेगळ्या टाकून बघते.